कोपऱ्यातले दहा टक्के

आमच्या पोर्चमध्ये एक जांभळी सायकल उभी आहे. थोरली पाचवीत गेली तेव्हा घेतलेली. सहावीत ती त्या सायकलवरून रोज संध्याकाळी उधळायची, सातवीत फक्त शनिवार-रविवार, आणि आता आठवीत आहे तर सायकलच्या हँडलला मी कांद्याची पिशवी अडकवते. जाऊ नको, असं मी तिला कधीच म्हणाले नाही हो. मी म्हणाले, अंधार पडायच्या आत ये. मग म्हणाले, कुणी सोबत असेल तरच जा. मग, त्या ओढ्याकडनं नको, मोठ्या रस्त्यानं जा. आणि गळीत हंगाम सुरू होऊन कराड-तासगाव रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागली तेव्हा म्हणाले, मोठ्या रस्त्यानंही नको. चार वाक्यं. सायकल उभी राहिली.

तुमच्याकडंही असं काहीतरी उभं असेल. सायकल नसेल तर माळ्यावर टाकलेलं रॅकेट असेल, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून राहिलेली सासू असेल. म्हणून आज मार्क, मोबाइल, क्लासची फी हे सगळं घटकाभर बाजूला ठेवू आणि एवढ्या एकाच गोष्टीवर बोलू. पलूससारख्या गावात आपली पोरं, त्यातही पोरी, संध्याकाळी बिनकामाच्या कुठं जातील?

आधी माझी कबुली, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

मी एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढते. ग्रामपंचायत होती तेव्हापासून. पंधराएक वर्षांपूर्वी गावाच्या कडेची एक जमीन बिनशेती करून तिचे प्लॉट पाडायचं काम आलं. मोठ्या जमिनीचा ले-आउट केला की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. आज राज्यात २०२० ची नियमावली चालते, तिच्यात ४,००० चौरस मीटर म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीला हा नियम आहे. तेव्हाही दहा टक्के होतेच. ही जागा मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला. कागदावर तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. आता मालकाला रस्त्याकडेचा प्रत्येक फूट विकायचा असतो. मग मोकळी जागा कुठं जाते? जिथं प्लॉट बसत नाही तिथं. आमच्या त्या जमिनीत ओढ्यालगत एक तिरका त्रिकोण उरत होता. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं, मी रेघ मारली. आत हिरवा रंग भरताना मला फार बरं वाटलं होतं, तेही सांगते.

त्या त्रिकोणाला एकच वाट होती, आणि भोवतीच्या सगळ्या घरांच्या पाठी तिकडं. प्रत्येक घराचं तोंड आपापल्या रस्त्याला, त्यामुळं ओपन स्पेसकडं फक्त संडास-बाथरूमच्या जाळ्या आणि सात फुटी कंपाउंडच्या भिंती. पुढं आम्ही त्याच कॉलनीत घर बांधलं. आज त्या जागेत वेडी बाभूळ आहे, घाणेरी आहे, कुणाच्या तरी बांधकामाची उरलेली खडी आहे, बाटल्या आहेत. ‘ओढ्याकडनं नको’ असं मी लेकीला म्हणते तो ओढा हाच. त्या जागेची भीती माझ्या पेन्सिलीतून निघालेली आहे.

जेन जेकब्स नावाच्या बाईनं १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शहरांवर एक पुस्तक लिहिलं. तिची शिकवण नगररचनेच्या वर्गात आता पाठ करून घेतात, पण ती आपल्या आजीलाही कळली असती: बाग स्वतःहून वस्ती सुधारत नाही, वस्ती बागेला जिवंत ठेवते किंवा मारते. ज्या जागेवर चार घरांच्या खिडक्यांतून सहज नजर पडते, जिथं सकाळी एक, दुपारी दुसरं आणि संध्याकाळी तिसरं माणूस आपापल्या कामानं येतं, ती जागा राखणदाराशिवाय राखली जाते. ओस जागेला कुलूप लावलं तरी ती ओसच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं पार होता की. होता. झाडाखाली, देवळासमोर, सगळ्या वाटा जिथं मिळतात तिथं. दूध घालून येणारे पहाटे टेकायचे, दुपारी म्हातारे, संध्याकाळी पोरं. जेकब्सबाईंनी बघितला असता तर खूश झाल्या असत्या. पण एक विचारू? तुमच्या आईला तुम्ही कधी पारावर बसलेली बघितली आहे का? बायकांची बाहेरची जागा म्हणजे पाणवठा, विहीर, धुण्याचा दगड. घरात नळ आला, कष्ट वाचले, चांगलंच झालं. पण घराबाहेर चार बायकांनी एकत्र उभं राहायची जागा त्या नळाबरोबर गेली ती गेलीच. तिच्या जागी दुसरं काही द्यायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. बाईला रस्त्यावर असायला सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळणं तिला परवडत नाही, असं त्या सांगतात. मुंबईचं हे असेल तर पलूसचं काय सांगावं. आपल्याकडं बाईला बाहेर पडायला हातात पिशवी लागते. पिशवी असली की ती बाजाराला निघाली, नसली की ‘कुणीकडं ओ वैनी?’ विचारणारा भला माणूसच असतो, पण उत्तर द्यावं लागतंच.

म्हणून मला वाटतं, आपल्या तालुक्यातली बायकांसाठी सगळ्यात चांगली बाग म्हणजे औदुंबर. हसू नका. कृष्णेच्या घाटावर बाई एकटी तासभर पाण्याकडं बघत बसली तरी तिला कुणी हटकत नाही, कारण ती ‘देवाला आलेली’ असते. पायऱ्या रुंद आणि उघड्या. वर दत्ताचं देऊळ, हार-नारळाची दुकानं, आरतीची गर्दी, प्रसाद घेऊन बसलेलं एखादं कुटुंब, पलीकडच्या काठावर भुवनेश्वरी. बसायला सावली आहे, आडोसा मात्र नाही. कराडला प्रीतिसंगमावरही तेच: घाट, बाग, यशवंतरावांची समाधी आणि नद्यांचा संगम, सगळं एका जागी आल्यानं नाना तऱ्हेची माणसं नाना वेळांना येतात. कोल्हापूरच्या रंकाळ्याला भेळेच्या गाड्या हटवा म्हणणारे लोक असतात. मला विचाराल तर काठावरचा भेळवाला दोन दिव्यांएवढा उजेड देतो. त्याला दहा माणसं ओळखतात आणि तो शंभरांना. फक्त त्याची जागा ठरवून द्या, कचऱ्याचा डबा द्या आणि वाट अडवू देऊ नका.

तिकडं ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात महापालिकेच्या माणसांनी बागांत कोण खेळतं ते मोजलं. नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागेतून नाहीशा होतात आणि मुलगे तिथंच राहतात, असं निघालं. कारण भांडणात नव्हतं, आखणीत होतं. मधे एकच मोठं मैदान. ते ज्यांच्या हातात चेंडू त्यांचं, आणि मुलींना त्यासाठी भांडायचं नव्हतं, म्हणून त्या घरी राहिल्या. मग १९९९ मध्ये मार्गारेटन भागातल्या दोन बागा नव्यानं मांडल्या. चालायच्या वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा केली, मोठ्या पटांगणाचे लहान लहान भाग पाडले. मुली परत आल्या. मुलग्यांना कुणी हाकललं नाही.

आता आपलं मैदान डोळ्यांपुढं आणा. मधे पीच. बाकी जे काही उरतं ते ‘बॉल आला, बाजूला हो’.

मुलग्यांच्या आई-बापांना इथं थोडं टोचेल, टोचू दे. माझ्या धाकट्याला मी अंधार पडायच्या आत ये असं कधी म्हणाले नव्हते. लेकीनं ते मला जेवताना सुनावलं, तेव्हा भाजीत मीठ जास्त झाल्याचा बहाणा करून मी उठले.

झाडं लावायचं म्हणाल तर आपल्या मुलखाला ते शिकवायची गरज नाही. पलूस, कडेगाव आणि वाळवा या तिन्ही तालुक्यांच्या शिवेवर सागरेश्वर उभं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी उभं केलेलं १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून आलेलं. पण डोंगरावरचं रान आणि वस्तीतली वाट यांत फरक आहे. रानात झाड दाट हवं. वाटेकडेला झाड आणि माणूस दोघांनाही एकमेकांपलीकडचं दिसलं पाहिजे. या कामातले लोक जगभर एक साधा हिशोब पाळतात, तो मी आपल्या भाषेत असा लक्षात ठेवते: झुडूप कमरेखाली, फांदी डोक्यावर. मधल्या पट्ट्यात नजर आरपार जायला हवी. म्हणजे घाणेरी आणि सुबाभूळ काढायची, करंज-कडुलिंब-जांभूळ लावायचं आणि खालच्या फांद्या वेळेवर छाटायच्या. बहुतेक वृक्षारोपणं या छाटणीपाशीच मरतात. खड्डा काढायला फोटोवाला येतो, पाचव्या वर्षी कोयता घेऊन कुणी येत नाही.

आपल्याकडं एक भानगड आणखी आहे, आणि ती कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. ऊस. आपली पाणंद मार्चमध्ये बघा, दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाचं खोडवं नाहीतर नांगरट, अर्ध्या मैलावरचा माणूस ओळखू येतो. तीच पाणंद सप्टेंबरात बघा. दोन्हीकडं दहा-बारा फूट ऊस, वर आभाळाची पट्टी, पाती अंगाला लागतात, वारा आला की सगळं सळसळतं आणि मागून कोण येतंय ते ऐकूही येत नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि तुटायला दुसऱ्या वर्षीचा हिवाळा येतो. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी एकच वाट काही महिने रस्ता असते आणि वर्षभराहून जास्त बोगदा. बिबट्याची धास्ती वेगळीच. पाहणी करणारे साहेब उन्हाळ्यात येतात, वाट सुरक्षित म्हणून लिहून जातात.

यावर उपाय शेतकऱ्याच्या बांधावरच बसून काढावा लागेल. वाटेकडेच्या चार-पाच सऱ्या उसाऐवजी भुईमूग, हरभरा, सोयाबीन अशा बुटक्या पिकाला दिल्या तरी नजर मोकळी होते. पण त्या सऱ्यांचं नुकसान एकट्या शेतकऱ्यानं का सोसायचं? ज्याची पोर त्या वाटेनं जात नाही त्यानं तर अजिबातच का? ग्रामपंचायतीनं, नगरपरिषदेनं किंवा साखर कारखान्यानं त्याची भरपाई करावी, हे मागणं मला तरी अवास्तव वाटत नाही. दुसरं, पाणंद ही आधी शेतकऱ्याची आहे. बागेच्या हौसेनं तिच्या तोंडाला लोखंडी खांब रोवले तर ट्रॅक्टर आत जाणार नाही, आणि आठवड्यात खांब उपटले जातील, बरोबरच आहे. २०२१ मध्ये सरकारनं शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्री योजना आणली ती माल बाहेर निघावा म्हणून. तोच रस्ता करताना एका अंगाला पाच-सहा फुटांची थोडी उंच पट्टी पायी आणि सायकलवाल्यांसाठी ठेवता येते. खडी तीच, रोलर तोच. जिथं पाणंद मोठ्या रस्त्याला मिळते तिथं मात्र ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसेल असा उंचवटा, पांढरे पट्टे आणि दिवा हवाच. डबल ट्रॉली जागच्या जागी थांबत नाही, आणि आतून टेपचा आवाज असा असतो की घंटी वाजवून उपयोग नाही.

कॅनॉलच्या पट्टीवरून चालायचं, असंही बरेच जण सुचवतात. कल्पना चांगली. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघालेला इंग्रजी अमलातला कृष्णा कालवा आपल्या तालुक्यातून जातो, त्याच्या कडेनं खात्याच्या जीपसाठी वाट असते, चढ-उतार नाही, दोन्हीकडं हिरवं. सहलीला अशी वाट मिळाली तर कुणाला नको. पण पाण्याची पाळी सुटली की त्याच कॅनॉलला दुथडी पाणी असतं आणि सिमेंटची तिरकी कड शेवाळलेली. पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर येता येत नाही, हात धरायला काही नसतं. म्हणून चालायची वाट पाण्यापासून लांबच्या कडेला घ्यायची, मधे बुटक्या झुडपांची दाट ओळ लावायची आणि ठरावीक अंतरावर पाण्यात उतरलेल्या पायऱ्या, लोखंडी कड्या आणि साखळी ठेवायची. एवढं करायची तयारी नसेल तर तिथं बाकडी मांडून लेकरांना बोलावू नये. जागा जलसंपदा खात्याची, मागणी नगरपरिषदेची, पोरगं आपलं. या तिघांची एकत्र बैठक झाल्याशिवाय तिथं फीत कापू नका.

नदीकाठचं तर त्याहून सांभाळून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरात बोट उलटून माणसं बुडाली, ते आपल्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. काठाची जमीन पावसाळ्यात नदीची आहे असं समजूनच तिथं घाट, गवत आणि पाण्यात टिकणारी झाडं ठेवावीत. विजेच्या पेट्या आणि बांधलेली खोली पूररेषेच्या आत नको.

उजेडाचं बोलायला हवं, कारण आपल्याकडं दिवा म्हटलं की हायमास्ट. चौकात उंच खांब, वर आठ दिवे, खाली फंड देणाऱ्याचं नाव. चौक लखलखतो. आणि त्या लखलखाटातून बाजूच्या बागेत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं काळोखी येते, झाडाखाली कोण उभं आहे ते कळत नाही. झाडाखालच्याला मात्र आपण नीट दिसतो. वाटेला झगमगाट लागत नाही, सारखा उजेड लागतो. फांद्यांच्या खाली बसतील असे बुटके खांब, एका दिव्याचा उजेड संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला. आणि एक उलटी वाटेल अशी गोष्ट: जी वाट रात्री ओसच राहणार आहे तिला दिवे लावून मुलीला तिकडं ओढू नये. तिच्या तोंडाशी ‘रात्री या वाटेनं’ असा दुसऱ्या, वस्तीतल्या वाटेचा बाण लावावा. खोट्या धीरापेक्षा लांबचा रस्ता बरा.

भिंतीचंही तसंच. बागेला सुरक्षा हवी म्हणून लोक आधी उंच कंपाउंड मागतात. भिंतीनं बाहेरचा आत येत नाही खरं, पण आत काय चाललंय ते बाहेरच्यालाही कळत नाही, आणि आतल्याला पळायला एकच दार. जाळीचं किंवा गजाचं कुंपण घ्या, फाटकं दोन-तीन ठेवा. ‘जोडपी बसतात’ म्हणून दुपारी बारा ते चार कुलूप लावायची पद्धतही बंद करा. जोडप्यांचं काय व्हायचं ते होवो, त्या वेळेला द्राक्षबागेतलं काम आटपून घरी जाणाऱ्या बाईला पाच मिनिटं टेकायला सावली मिळत नाही. बायकांचा संडास फाटकापाशी, दिसेल असा. मागं झाडीत नको. तो नसेल तर कुठलीच बाई बागेत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबणार नाही, मग तिथं किती का ओपन जिम बसवा.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, गावात एवढा विचार कोण करतं? आपल्याच तालुक्यात केलेला आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. तिथं त्यांनी कारखान्याबरोबरच घरं, रस्ते आणि वस्तीची घडी बसवली. शिवाशिव पाळायची नाही असा तिथं दंडक होता. रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगत असलेले, पॅरोलवर सोडलेले कैदी ठेवले, माणसावर विश्वास टाकून. त्याच वाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं आणि महाराष्ट्रभरच्या बायका त्यातून घराबाहेरच्या जगाचं वाचू लागल्या. पलूसहून किर्लोस्करवाडी केवढी लांब? आमच्या सायकलला मुळीच लांब नाही.

आता एक अवघड गोष्ट बोलते, कारण हितगुज म्हटल्यावर ती टाळता येत नाही. मी लेकीला बाहेरच्या अनोळखी माणसाच्या भीतीनं घरात ठेवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र दर वर्षी तेच सांगतात: नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, येणाजाणारा. म्हणजे उघड्या जागेवर, दहा माणसांच्या नजरेत खेळणारी मुलगी ही बंद दारामागच्या मुलीपेक्षा जास्त धोक्यात आहे, असं मला कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आणि घरात बसल्यानं दुसरं नुकसान होतं ते रोज होतं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. आमच्या घरात त्या साठ मिनिटांची बेरीज मी एकदा केली. जिन्याच्या पायऱ्या धरूनसुद्धा अकरा भरली.

मग गेल्या महिन्यात मी जुन्या फायलीतून त्या ले-आउटची प्रत काढली आणि लेकीला म्हटलं, चल. संध्याकाळी सात वाजता, टॉर्च आणि लाल-हिरवं दुटोकी पेन घेऊन. जिथं तुला भीती वाटेल तिथं फुली मार, का वाटली ते विचारणार नाही. तिनं अकरा फुल्या मारल्या. मला वाटलं होतं ती ओढ्याच्या कडेला मारेल. तिकडं दोनच. बाकीच्या सगळ्या त्या चिंचोळ्या बोळात, दोन कंपाउंडच्या मधे, जिथून आत शिरायचं तिथं. ‘इथनं परत फिरता येत नाही गं आई,’ ती म्हणाली. पंधरा वर्षांपूर्वी मी तो बोळ दहा फुटांचा काढला होता, कारण तेवढा नियमाला पुरत होता.

आणि मग तिनं पेन उलटं करून हिरव्या टोकानं एका घरावर बरोबरची खूण केली. सगळ्या कॉलनीत त्या एकाच घराची स्वयंपाकघराची खिडकी ओपन स्पेसकडं उघडते. त्यांनी प्लॅन मोडून बांधलं होतं म्हणून आमच्या ऑफिसात त्यावर मोठी चर्चा झाली होती. ‘इथं काकू असतात,’ ती म्हणाली, ‘वाट इथनं काढ.’

ती खिडकीखालची वाट आता नकाशावर आहे. बोळाच्या दोन्ही टोकांना भिंतीऐवजी जाळी, ओढ्यावर दुसऱ्या बाजूनं एक लहान साकव म्हणजे आत शिरायला दोन तोंडं होतील, मधे क्रिकेटला नको तेवढी लहान आणि बॅडमिंटनला पुरेल एवढी मोठी जागा, खिडकीसमोर बाकडं. कॉलनीतल्या चोवीस घरांपैकी सतरांच्या सह्या आहेत. ज्यांनी केल्या नाहीत त्यातले दोघे म्हणतात, पोरं गोळा होतील, गोंगाट होईल. होईल. त्याच्यासाठीच चाललंय.

तुमच्या कॉलनीतही बहुधा ओपन स्पेस असेल; ती कुठं आहे ते मंजूर ले-आउटच्या नकलेवर दिसतं आणि नक्कल मागायचा तुम्हाला हक्क आहे. गावाच्या विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण असेल तर त्याचं वयही विचारा. १९६६ च्या नगररचना कायद्यात १२७ वं कलम आहे. दहा वर्षांत ती जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, त्यानंतरच्या मुदतीतही कुणी हललं नाही तर आरक्षण उठतं. बऱ्याच बागा अशा, कुणी न मारता, गेलेल्या आहेत. तेव्हा अर्ज करायचा तर तोंडी बोलून येऊ नका, दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक मारून ती परत घ्या, तारीख वाचता येते का बघा.

आमची प्रत मंगळवारी मिळाली. येताना सायकल पंक्चरच्या दुकानात टाकली. इतके दिवस उभी राहिल्यानं दोन्ही टायरांना चिरा पडल्यात, तो म्हणाला; ट्यूबसकट बदलावे लागतील, पुढच्या आठवड्यात या.